एकाच छताखालचे दोन अनोळखी संगणक



खाली दुकान आणि वर घर ही आपल्या व्यापारी कुटुंबांची जुनी रचना. पूर्वी दिवस मावळताना रोजकीर्द गादीवरून उचलून वर नेली जाई आणि घरातील वडीलधारे ती शांतपणे चाळत. आता वही वर जात नाही. खालच्या संगणकातील खाते वरच्या संगणकावर उघडते. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती चालू असेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. ती बंद पडली की काय होते, हे मी गेल्या दसऱ्यानंतर आमच्या लोहाऱ्यातच पाहिले.

माझ्या थोरल्या चुलत बंधूंचे येथे भुसाराचे आडत दुकान आहे. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. वय ७५ च्या पुढे. गुडघ्यांमुळे जिना उतरणे दोन वर्षांपासून बंद. दुकान त्यांचा पुतण्या सांभाळतो, म्हणजे त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाचा मुलगा. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले की दादा वरच्या संगणकासमोर बसतात आणि दिवसाची आवक, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली, तोलाई व रोख शिल्लक पाहतात. सोयाबीनची आवक ऐन भरात असताना घरी नवी फायबर जोडणी आली आणि दुसऱ्याच दिवसापासून दुकानचा संगणक सापडत नसल्याचा संदेश दादांच्या पडद्यावर येऊ लागला.

जोडणी देणाऱ्यांचा माणूस येऊन गेला. त्याने खाली आणि वर, दोन्हीकडे इंटरनेट चालवून दाखवले व जोडणीत काही दोष नाही असे सांगून तो निघून गेला. त्या वाक्याने घरात भलतेच घडले. दोष जोडणीत नाही, तर मग कोणात? चौथ्या दिवशी दादा पुतण्याला म्हणाले, “हिशेब दाखवायचा नसेल तर तसं सांग. तारेचं निमित्त कशाला?” पुतण्या काही बोलला नाही. सकाळी त्याने तिजोरीच्या किल्ल्या आणून दादांच्या उशाशी ठेवल्या. दुपारी वहिनींचा मला फोन आला, “भावजी, जरा येऊन जा.”

जाताना मला बँकेतील एक जुना प्रसंग आठवत होता. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला, पण आमच्या शाखेपर्यंत यंत्र पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर खातेवह्यांची मासिक जुळवणी हातानेच होई. एका महिन्यात ५४० रुपयांचा फरक येत होता. नव्या कारकुनाकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. खरे सांगायचे तर माझीही वळली. आमचे हेड कॅशियर मात्र शांतपणे म्हणाले, “५४० ला ९ ने पूर्ण भाग जातो. आधी उलटे लिहिलेले आकडे शोधा.” १,८२० ची नोंद १,२८० अशी झाली होती आणि ती त्या कारकुनाच्या हातची नव्हती. फरक शोधण्याची रीत ठाऊक असली की माणसावर संशय घेण्याची पाळी सहसा येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. संगणकांच्या जोडणीतील दोष शोधण्याचीही अशीच एक रीत आहे. तेरीज जुळत नसेल तर आपण एकेक खाते क्रमाने तपासतो. येथेही तळापासून वर, एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो कागदावर लिहून ठेवायचा. एकदम चार बदल केले तर दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि न गेल्यास गुंता वाढतो.

पहिला प्रश्न : तार शाबूत आहे का?

संगणकात जेथे तार खोचली जाते तेथे बहुतेक वेळा एक छोटा दिवा असतो. राउटरवरही तसाच असतो. दोन्ही यंत्रे चालू असूनही दिवा लागत नसेल तर तार तुटलेली, सैल झालेली किंवा टोकाचे प्लास्टिक मोडलेले असते. भुसाराच्या दुकानात यात नवल नाही, कारण पोत्यांमागून गेलेली तार उंदीर कुरतडतात. शक्य तेथे तार नळीतून न्यावी. अशी तांब्याची तार १०० मीटरपर्यंत भरवशाने काम देते. आपल्या घर-दुकानांना तेवढी लांबी पुरेशी असते.

वायफायवर विसंबणाऱ्यांनी या भागातील घरांची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेली. त्यानंतर या परिसरात लोखंडी सळ्यांचे काँक्रीटचे बांधकाम वाढले. दादांचे घरही त्यानंतरचेच. जे लोखंड छताला धरून ठेवते, तेच वायफायच्या लहरींना अडवते. म्हणून वरच्या मजल्यावरील राउटरच्या लहरी खालच्या गादीपर्यंत क्षीण होऊन पोहोचतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा भिंतीतून बरी जाते, पण तिचा वेग कमी असतो. हिशेबाचे काम ज्या संगणकांवर चालते ते तारेनेच जोडावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. दादांच्या घरी जिन्याच्या कडेने तार घातलेली होती आणि दोन्हीकडचे दिवे लागत होते. तार शाबूत होती.

दुसरा प्रश्न : दोघांचे पत्ते एकाच गल्लीतले आहेत का?

राउटर घरातील प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा एक पत्ता देतो. तो पाहण्यासाठी विंडोजच्या शोधचौकटीत सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरे टंकावीत. काळी चौकट उघडते. तीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग टंकून एन्टर दाबावे. ‘आयपीव्ही ४ ॲड्रेस’ या ओळीपुढे तो पत्ता दिसतो. घरगुती जोडणीत बहुधा पहिले तीन आकडे गल्लीचे आणि शेवटचा आकडा घराचा असे समजावे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले, म्हणून लोहाऱ्यातील आणि लातुरातील राउटरचा पत्ता एकच असला तरी घोटाळा होत नाही. गावोगावी मारुतीची गल्ली असते तसेच हे.

मी दोन्ही पत्ते वहीत लिहिले. वरचा संगणक : १९२.१६८.१.८. खालचा संगणक : १९२.१६८.०.१०५. तिसरा आकडा पाहताच उलगडा झाला. एकाच घरात दोन गल्ल्या तयार झाल्या होत्या.

त्याचे कारण असे. पूर्वी दुकानात एकच राउटर होता आणि दोन्ही संगणक त्यालाच जोडलेले होते. नवी जोडणी गच्चीवरून आली, म्हणून नवा राउटर वर बसवला गेला. वरचा संगणक त्याला जोडला आणि जिन्यातील तार जुन्या राउटरच्या इंटरनेटसाठी असलेल्या वेगळ्या खोबणीत खोचली. जुना राउटर आपले काम पूर्वीसारखेच इमानाने करीत राहिला. आपल्या मागच्या यंत्रांना तो स्वतःचे पत्ते वाटत होता आणि दरवानासारखा दारात उभा होता. आतल्यांना तो बाहेर जाऊ देतो. बाहेरून आपणहून आलेल्याला आत सोडत नाही. वरचा संगणक त्याच्या दृष्टीने बाहेरचा ठरला होता. दोन्हीकडे इंटरनेट मात्र उत्तम चालत होते, कारण त्यासाठी फक्त बाहेर जाता आले की पुरते. म्हणूनच तो माणूस खोटे बोलला नव्हता. त्याने इंटरनेट तपासले, घरातील दोन संगणकांचे परस्परांशी बोलणे तपासले नाही. दोन शेजारी रोज बाजाराला जातात, एवढ्यावरून त्यांचे एकमेकांकडे येणे-जाणे आहे असे ठरत नाही.

यावर उपाय साधा आहे. जुन्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ अशी सोय असेल तर ती निवडावी. नसेल तर त्याचे पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, बंद करावे. त्याचा स्वतःचा पत्ता नव्या गल्लीतला पण नव्या राउटरहून वेगळा ठेवावा, आणि मग जिन्यातील तार इंटरनेटच्या खोबणीतून काढून शेजारच्या साध्या खोबणीत खोचावी. नवा राउटर १९२.१६८.१.१ होता, जुन्याला आम्ही १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला. दुकानचा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याला १९२.१६८.१.२० हा पत्ता मिळाला. गल्ली एक झाली.

एक खूण वाचकांनी टिपून ठेवावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला कोणीच पत्ता दिलेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे असे समजावे. अशा वेळी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे, तारेकडे आणि राउटरकडे वळावे.

तिसरा प्रश्न : हाकेला ओ येते का?

त्याच काळ्या चौकटीत पिंग हा इंग्रजी शब्द, मग एक जागा सोडून दुसऱ्या संगणकाचा पत्ता टंकायचा. हे साधन अमेरिकेतील माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव पडले. आपण हाक मारतो आणि ओ यायला किती वेळ लागला ते पडद्यावर दिसते. आधी राउटरला हाक मारावी, मग दुसऱ्या संगणकाला.

वरून राउटरला मारलेल्या हाकेला तत्काळ ओ आली. खालूनही आली. पण वरून दुकानच्या संगणकाला हाक मारली तेव्हा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे उत्तर आले. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, गल्ली एक होऊनही तेच?” मी म्हटले, “उत्तर नीट वाच. ‘होस्ट अनरीचेबल’ असे आले असते तर त्या पत्त्यावर कोणी सापडलेच नाही असा अर्थ झाला असता : संगणक बंद आहे, तार निघाली आहे, किंवा यंत्र पाहुण्यांसाठीच्या वायफायवर आहे, जेथे राउटर यंत्रांना परस्परांपासून मुद्दाम अलग ठेवतो. येथे मात्र घर सापडलेले दिसते. आतून कोणी ओ देत नाही.”

ओ न देणारा होता विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल. राउटर बदलला की विंडोजला ती जोडणी नवखी वाटते, आणि नवख्या जोडणीला ते ‘पब्लिक’, म्हणजे सार्वजनिक ठिकाणची, समजून दारे लावून घेते. रेल्वे स्थानकावर वा हॉटेलात हे योग्यच आहे. घरात मात्र जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रायव्हेट’ हा पर्याय निवडावा लागतो. दुकानच्या संगणकावर तो बदल केला आणि वरून पुन्हा हाक मारली. एका मिलिसेकंदाच्या आत ओ आली. दादा इतका वेळ पलंगावरून पाहत होते. आता ते काठी टेकत संगणकाजवळ आले.

हा दुसरा दोष पहिला दूर झाल्यावरच पुढे आला, हे लक्षात घ्यावे. पहिला उपाय करूनही काम झाले नाही म्हणून तो चुकीचा ठरवला असता आणि तार पुन्हा जुन्या जागी खोचली असती, तर आम्ही रात्रभर तेथेच फिरत राहिलो असतो. अनेकजण या टप्प्यावर वैतागून फायरवॉल संपूर्ण बंद करतात. तसे कधीही करू नये. दार अडते म्हणून कोणी घराची भिंत पाडत नाही. विषाणूरोधक प्रणालीचा स्वतंत्र पहारा असेल तर तिच्यातही घरच्या जोडणीला विश्वासाची म्हणून नोंदवता येते.

चौथा प्रश्न : नावाने सापडत नसेल तर पत्त्याने सापडतो का?

कधी हाकेला ओ येते, पण ‘नेटवर्क’च्या यादीत संगणकाचे नाव दिसत नाही. विंडोजची कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे पत्ता टंकावा. फोल्डर दिसले तर रस्ता मोकळा आहे, फक्त नावाची पाटी पडली आहे. शेअरिंगच्या मांडणीत ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू करावी. त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे राउटरमध्ये दुकानच्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणे. आपल्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते. राउटर पुन्हा सुरू झाला की यंत्रांचे पत्ते बदलू शकतात. काल चालणारी जोडणी आज अकारण बंद पडते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. दादांच्या घरी आम्ही १९२.१६८.१.२० हा पत्ता दुकानच्या संगणकासाठी राखून टाकला.

पाचवा प्रश्न : आत येण्याची परवानगी आहे का?

संगणक दिसतो, पण फोल्डर उघडताना नाव आणि संकेतशब्द मागितला जातो किंवा प्रवेश नाकारला जातो. येथे तारेचा काही संबंध नसतो. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या संकेतशब्दाविना कोणालाही आत घ्यायला तयार नसतात. दुकानच्या संगणकावर घरच्या माणसासाठी एक वापरकर्ता संकेतशब्दासह तयार करावा आणि त्याला त्या फोल्डरचा अधिकार द्यावा. काहीजण अशा वेळी एसएमबी १ ही फाइल वाटपाची जुनी पद्धत पुन्हा चालू करण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने याच पद्धतीतील दोषाचा फायदा घेतला होता. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

हिशेबाच्या प्रणालीचा परवानाही पाहावा. टॅलीचा एका वापरकर्त्याचा आणि अनेक वापरकर्त्यांचा परवाना वेगवेगळा असतो. संदेश परवान्याचा असेल तर राउटरला हात लावण्याचे कारणच नाही. कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे, हेही प्रणालीत माणसागणिक ठरवता येते. ते सर्वांसमक्ष ठरवावे; पुढे गैरसमजाला जागा राहत नाही.

या साऱ्याला दोन तासही लागले नाहीत. वरच्या पडद्यावर दुकानचे खाते उघडले. पाच दिवसांच्या पट्ट्या, तोलाई, हमाली, रोख शिल्लक, सारे नोंदवलेले होते. एकही दिवस रिकामा नव्हता. दादांनी एकेक नोंद सावकाश पाहिली. मग मला विचारले, “म्हणजे याने काही बंद केलं नव्हतं?” मी वहीतले दोन पत्ते त्यांच्यापुढे धरले आणि तिसरा आकडा दाखवला. “दादा, याला हे माहीतही नव्हतं. मलाही लिहून काढेपर्यंत कळलं नाही.”

ते काही क्षण गप्प राहिले. मग पलंगाकडे गेले, उशाजवळच्या किल्ल्या उचलल्या आणि पुतण्याच्या हातात ठेवल्या. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “उद्या माल जास्त येणार आहे. काटा लवकर लाव.”

वहीपूजनाच्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. संगणक आला तरी त्या घरी लाल वही दरवर्षी घेतली जाते. यंदा तिच्या शेवटच्या पानावर पुतण्याच्या हस्ताक्षरात पाच ओळी होत्या : नव्या राउटरचा पत्ता, जुन्या राउटरचा पत्ता, दुकानच्या संगणकाचा पत्ता, कोणती तार कोणत्या खोबणीत आहे ते, आणि शेवटचा बदल कोणी, कोणत्या तारखेला केला ते. वाचकांनीही आपल्या घरी असे एक पान आजच लिहून ठेवावे. सगळे सुरळीत चालू असतानाच ते लिहायचे असते. वहिनी सांगत होत्या, मध्यंतरी वीज जाऊन आल्यावर खाते पुन्हा उघडेना. दादांनी कोणालाही हाक मारली नाही. वही काढली, चष्मा लावला आणि स्वतःच पिंग टंकून पाहिले. दुकानचा संगणक अजून सुरूच केलेला नव्हता.